इंटरनेटचा जन्म १९६९ चा, हे मला मान्य नाही

खडूपाटी

दरवर्षी २९ ऑक्टोबर आला की इंटरनेटच्या वाढदिवसाचे संदेश फिरू लागतात. १९६९ साली त्या रात्री लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधून चार्ली क्लाइन हा विद्यार्थी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकावर लॉगिन करायला बसला. एल आणि ओ ही दोन अक्षरं पोचली आणि तिकडचा संगणक बंद पडला. प्रसंग खरा आहे, पण तो अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा या संशोधन संस्थेने उभारलेल्या आर्पानेटचा जन्म. आर्पानेट हे एकच जाळं होतं. वेगवेगळ्या मालकांची, वेगवेगळ्या बनावटीची जाळी एकमेकांशी बोलतात, ते इंटरनेट. या दोहोंची गल्लत होते आणि ज्याचं नाव सगळ्यात आधी घ्यायला हवं तो माणूस मागे पडतो: फ्रान्सचा लुई पुझँ.

आर्पानेटमध्ये पॅकेट, म्हणजे निरोपाचा तुकडा, नीट आणि क्रमाने पोचवण्याची जबाबदारी जाळ्याची होती. आयएमपी नावाची यंत्रं ते काम करत आणि टोकाचे संगणक त्यांच्या भरवशावर असत. पुझँने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सिक्लाद हे जाळं बांधताना हे उलटं केलं. जाळ्याने पॅकेट फक्त पुढे ढकलायचं. हरवलं, मागचं पुढे आलं, तर ते निस्तरायचं टोकाच्या संगणकांनी. अशा हमी नसलेल्या पॅकेटला डेटाग्रॅम म्हणतात. जाळ्याकडून इतकी कमी अपेक्षा ठेवली म्हणूनच पुढे रेडिओ, उपग्रह, टेलिफोनची तार, काहीही एकमेकांना जोडता आलं. माझ्या मते खरा शोध हा आहे.

तारमास्तर

साफ असहमत.

कल्पनेलाच श्रेय द्यायचं तर पुझँपाशी का थांबायचं? निरोपाचे तुकडे करून पाठवायची कल्पना अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेच्या पॉल बॅरनने १९६४ मध्ये सविस्तर छापली होती. इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिसला १९६५ मध्ये तीच स्वतंत्रपणे सुचली. पॅकेट हे नाव डेव्हिसचंच. बॅरनची योजना टेलिफोन कंपनी एटीअँडटीने धुडकावली, डेव्हिसला देशभराचं जाळं बांधायला पैसे मिळाले नाहीत. कल्पना होत्याच, अडलं होतं पैशापाशी.

पैसे कुठून आले ते बघा. १९६६ मध्ये आर्पाच्या बॉब टेलरच्या पेंटॅगॉनमधल्या ऑफिसशेजारी तीन टर्मिनल होती: एक एमआयटीचं, एक बर्कलीचं, एक सांता मोनिकाचं. तिन्हींच्या आज्ञा निराळ्या. एकावरच्या माणसाशी बोलून झालं की उठायचं आणि दुसऱ्यासमोर जाऊन बसायचं. तो वैतागून संचालक चार्ल्स हर्झफेल्डकडे गेला आणि थोड्याच वेळात दहा लाख डॉलर मंजूर करून बाहेर आला. परतावा किती, कधी, असं न विचारता सरकारने वर्षानुवर्षं पैसा पुरवला. पुझँच्या सरकारने त्याचा हात सोडला, सिक्लाद बंद पडलं. श्रेय टिकून राहणाऱ्याचं.

कृष्णाकाठ

पण मुळात हे सगळं अणुहल्ल्यातून वाचावं म्हणून अमेरिकन लष्कराने केलं ना? मग शास्त्रज्ञांचं एवढं कौतुक कशाला? युद्धाची गरज नसती तर दमडीही मिळाली नसती.

तारमास्तर

@कृष्णाकाठ, नाही. अणुहल्ल्याचा विचार बॅरनचा, आणि तोही टेलिफोन व निरोपयंत्रणा टिकवण्यासाठी. आर्पानेटचा हेतू महागडे संगणक दूरच्या विद्यापीठांनी वाटून वापरावेत हा होता, टेलरने तो पुढे अनेकदा स्पष्ट सांगितला. बॅरनच्या कामाचा उपयोग झाला हे खरं, पण तो कसा? ऑक्टोबर १९६७ मध्ये टेनेसीतल्या गॅटलिनबर्गच्या परिषदेत डेव्हिसचा सहकारी रॉजर स्कँटलबरी याने आर्पाच्या लॅरी रॉबर्ट्सला बॅरनचे अहवाल वाचायला सांगितले. अमेरिकन माणसाचं काम अमेरिकन सरकारला इंग्रजाने दाखवलं!

पैसा संरक्षण खात्याचा होता, हे मात्र कुणी नाकारू नये.

खडूपाटी

@तारमास्तर, पैशाची बाजू मी नाकारत नाही. पण पैसा होता म्हणून आर्पानेट झालं, आणि आर्पानेटच्या रचनेत अडकून पडले असते तर इंटरनेट झालंच नसतं. वेगवेगळी जाळी जोडायची पद्धत, म्हणजे पुढची टीसीपी/आयपी, मांडणारा व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांचा मे १९७४ चा शोधनिबंध काढून बघा. शेवटी आभार मानलेत त्यात डेव्हिस आहे, स्कँटलबरी आहे, पुझँ आहे आणि पुझँचा सहकारी झिमरमनही आहे. पुझँचाच आणखी एक सहकारी, जेरार ल लान, १९७३ मध्ये स्टॅनफर्डला सर्फच्या गटात काम करत होता. सर्फ आणि कान यांनी कुणापासून काही लपवलं नाही. पण आपण निबंध वाचतो आणि आभाराचा परिच्छेद सोडून देतो.

राईनकाठची

युरोपात राहून लिहिते, त्यामुळे पुझँबद्दल मलाही जिव्हाळा आहे. तरी धाग्यातला मुख्य मुद्दा पटत नाही.

सिक्लाद गेलं तेव्हा फ्रान्स रिकाम्या हाताने बसला नव्हता. तिथल्या टपाल-तार खात्याने १९७८ मध्ये ट्रान्सपॅक सुरू केलं, एक्स.२५ पद्धतीचं, म्हणजे हमी जाळ्याने द्यायची. त्यावर मिनिटेल ही घरोघरच्या पडद्यांवरची सेवा चालली. लोक ऐंशीच्या दशकात घरबसल्या रेल्वेची तिकिटं काढत होते, फोन नंबर शोधत होते. हमीवालं जाळं चालत नाही असं नव्हे, उत्तम चाललं. मग ते मागे का पडलं? मालक एक होता. नवीन काही करायचं तर खात्याच्या दारात उभं राहायचं.

टीसीपी/आयपी मात्र कुणालाही घेता येत होतं. १९६९ पासून निघालेले आरएफसी, म्हणजे जाळ्याच्या नियमांची टिपणं, फुकट वाचायला मिळत. त्याच वेळी प्रतिस्पर्धी ओएसआयची मानकं विकत घ्यावी लागत. १९८३ मध्ये बर्कलीच्या युनिक्स या संगणकप्रणालीतून टीसीपी/आयपी विद्यापीठांत पोचलं. डेटाग्रॅम हुशार होता म्हणून नव्हे, दार उघडं होतं म्हणून इंटरनेट जिंकलं. जिनिव्हाच्या सर्न या संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेब सगळ्यांना मोफत खुलं केलं, तीही त्याच वाटेची पुढची पायरी. मला विचाराल तर श्रेय त्या उघड्या दाराचं.

पवईकर

+१. आपल्याकडचा दाखला देतो. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हे शिक्षण-संशोधनाचं जाळं हाती घेतलं. त्यात जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था, पवईचं आयआयटी, बंगळूरचं आयआयएससी आणि इतर आयआयटी होत्या. सुरुवातीला डायल-अपवर नुसती यूयूसीपी पद्धतीची मेल. सरकारी कंपनी व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्याच्या कितीतरी आधी जुहूत एस. रमाणींच्या संस्थेत हे काम चालू होतं. नियमांच्या पुस्तिका उघडून वाचता येत नसत्या तर ही मंडळी एवढ्या लवकर उभी राहिली नसती.

खडूपाटी

@राईनकाठची, उघडं दार महत्त्वाचं, मान्य. पण आत काय होतं तेही बघायला हवं. २२ नोव्हेंबर १९७७ ला कॅलिफोर्नियात धावत्या गाडीतून निघालेली पॅकेटं रेडिओ, आर्पानेट आणि अटलांटिकवरचा उपग्रह अशी तीन जाळी ओलांडून, युरोपात जाऊन परत लॉस एंजेलिसला पोचली. हमीवाल्या रचनेत रेडिओ, उपग्रह आणि तार यांना एकाच शिस्तीत बसवणं फार अवघड गेलं असतं. वाढदिवस साजरा करायचाच तर माझं मत या तारखेला.

तारमास्तर

ते प्रात्यक्षिक होतं. मी १ जानेवारी १९८३ धरीन. त्या दिवशी आर्पानेटवरची जुनी एनसीपी पद्धत बंद झाली, टीसीपी/आयपी न घेतलेले संगणक जाळ्याबाहेर पडले. त्याआधीच्या वर्षी जुनी पद्धत मुद्दाम काही काळ बंद ठेवून ढिल्या मंडळींना इशाराही दिला होता. असा हुकूम पैसे देणाराच काढू शकतो. पुझँकडे कल्पना होती, हुकूम काढायचा अधिकार नव्हता, आणि म्हणून मी माझ्या मतावर ठाम आहे.