मदत हवी आहे: व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणाच्या नरांसाठी कृत्रिम स्क्रेप कोठे करावा?

अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये परवाना घेऊन धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्या सभासदांचे मार्गदर्शन हवे आहे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात व्हाइटटेल नर खुरांनी पालापाचोळा उकरून जमीन उघडी करतात (यालाच स्क्रेप म्हणतात), तिच्यावर मूत्र सोडतात आणि वर लोंबणाऱ्या फांदीला कपाळावरील व डोळ्यांजवळील ग्रंथींचा गंध लावतात. माझ्या मते यात मातीपेक्षा फांदीच अधिक महत्त्वाची आहे, कारण तिचा वास माद्याही घेतात.

शेताच्या कडेला असे बरेच स्क्रेप आहेत; परंतु ट्रेल कॅमेऱ्यात (रानात लावलेल्या, हालचाल होताच फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यात) मोठे नर जवळजवळ नेहमी रात्रीच दिसतात. म्हणून ओकच्या रानात, ते दिवसा बसतात त्या झाडीजवळ, सुमारे 5 फूट उंचीवर फांदी असलेला कृत्रिम स्क्रेप करण्याचा विचार आहे. तो त्या झाडीपासून किती अंतरावर असावा, म्हणजे नर बिथरणार नाही आणि उजेड असतानाच तेथे पोहोचेल? अनेक नर स्क्रेपपर्यंत न येता वाऱ्याच्या खालच्या बाजूने लांबूनच वास घेऊन निघून जातात, हे लक्षात घेता मचाण नेमके कोठे बांधावे?

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या जीवघेण्या मेंदूरोगाचे प्रायॉन (रोग पसरवणारी प्रथिने) मूत्रातूनही बाहेर पडतात, त्यामुळे स्क्रेपवर टाकण्यासाठी बाजारात मिळणारे हरणाचे मूत्र मी वापरणार नाही. केवळ फांदीवर काम भागते का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.