पुढच्या ट्रकचा वास! गाडीत रबर जळाल्याचे तुमचे अनुभव

पारिजात
काल पुरण वाटताना मिक्सरचा कपलर (भांडं मोटरला जोडणारा रबरी तुकडा) गेला. घरभर रबर जळाल्याचा वास, आणि मी ओट्यापाशी उभी असतानाच थेट कुंभार्ली घाटात पोचले. 2009 चा मे महिना. चिपळूणहून कऱ्हाडला निघालो होतो. बाबांची जुनी गाडी, मागे आम्ही दोघं भावंडं, पायाशी फणस. पोफळी सोडून घाट लागला तसा वास यायला लागला. आई म्हणाली, "काहीतरी जळतंय हो." बाबा म्हणाले, "पुढच्या ट्रकचा वास आहे, काच वर घे." पुढे खरंच चिऱ्यांनी भरलेला ट्रक होता. काचा वर घेतल्या. तीन-चार वळणं गेली आणि बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टिअरिंग जड झालं, तापमानाचा काटा वर चढायला लागला. बाबांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. बॉनेट उघडलं तर इंजिनच्या पट्ट्याच्या चिंध्या. डायनामो आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर, म्हणून सगळं एकदम गेलं.

तोच ट्रकवाला पुढे थांबून चालत मागे आला. फडक्याने धरून एकेक पुली फिरवून पाहिली. एक फिरेचना, बेअरिंग जाम. म्हणाला, "नुसता नवा पट्टा घालाल तर तोही असाच जळेल." मग बाबांना ट्रकात बसवून वर कोयनानगरला घेऊन गेला. आम्ही दोन तास घाटात, आईने पोळीभाजी सोडली, माकडं जमली.

तुमच्याकडे असं झालंय का? वास कुठून येत होता, कसं सापडलं, तेही लिहा.

मधली सुट्टी
हॅन्डब्रेक. शाळा ते घर 4 किमी अर्धा ओढलेला. मागची दोन्ही चाकं तापली होती. शेजारच्या काकांनी वासावरून ओळखलं. आता गाडी हलवायच्या आधी डॅशबोर्डवरचा लाल दिवा बघतेच बघते.

सातारी कंदी
आमचं एकच चाक, पुढचं डावं. पुण्याहून येताना खंबाटकी उतरलो आणि वास. त्याआधी महिनाभर गाडी किंचित डावीकडे ओढत होती, पेट्रोलही जास्त पीत होती, पण मी टायरमधली हवा तपासून सोडून दिलं. ती चूक झाली. थांबून चारही चाकांपाशी हात नेला (रिमला लावू नका, भाजतं, नुसता जवळ न्या). तीन कोमट, एक तव्यासारखं. कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना सुकून अडकल्या होत्या, पाय काढला तरी पॅड डिस्कला घासतच राहायचं. पिना साफ करून ग्रीस, नवे पॅड, दोन तासांचं काम. आणि तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकते. मी बाटली उघडलीच होती, टपरीवाल्या मामांनी हात धरला.

कोथिंबीर जुडी
पारिजात ताई, कपलर घरी बदलता येतो का? माझाही घासलाय. पुरण मग कशात वाटलंत?

पारिजात
पुरणयंत्रात 🙂 सासूबाईंचं पितळी. कपलर बदलता येतो, पण बहुतेक उलट्या आट्यांचा असतो, जोर लावण्याआधी दिशा बघ.

चौथा गियर
क्लचचं कुणी लिहिलं नाही अजून. तो वास रबरापेक्षा जळक्या कागदासारखा, तिखट. बायको गाडी शिकत होती, उड्डाणपुलाच्या चढावर जॅम, वीस मिनिटं हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून. मी शेजारी बसून ओरडलो, त्याचं अजून वाईट वाटतं. कुणी तिला सांगितलंच नव्हतं की चढावर हॅन्डब्रेकवर थांबायचं. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गियरला ॲक्सिलरेटर दाबा. इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लचची प्लेट घसरतेय.

तांबडा रस्सा
आंबोली उतरताना, दुसरा गियर टाकायचा सोडून सतत ब्रेक. वास आला, मग पेडल मऊ पडून खाली जायला लागलं. गियर खाली आणत कशीबशी थांबवली. फिटर म्हणाला, ब्रेक ऑइल कधी बदललंय? कधीच नाही. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 प्रकारचं नवं ब्रेक ऑइल साधारण 205 अंशांना उकळतं, पाणी मुरलं की 140 च्या आसपासच. वाफ झाली की ब्रेक नुसता दबतो, लागत नाही. दर दोन वर्षांनी बदला, कळकळीने सांगतोय.

कोथिंबीर जुडी
बापरे. यांना वाचायला देते. कुकर झाला, आले.

वाशिष्ठीकाठ
पोफळी वाचलं आणि थांबले. आमची गाडी चिपळूणच्या जुलै 2021 च्या पुरात बुडाली, टपापर्यंत पाणी. धुऊन, वायरिंग बदलून चालू केली. तीन महिन्यांनी एसी लावला की रबराचा वास आणि चीं आवाज, बंद केला की दोन्ही गायब. त्यावरूनच कळलं, कॉम्प्रेसरच्या पुलीत गाळ. शेवटी विकलीच. घरात अजून पावसाळा आला की सगळ्यांना कुबट वास येतो, गाडीचं काय घेऊन बसलात.

पारिजात
ताई 🙏 आमच्या मावशीचं घर बाजारपेठेत. तळमजल्याचं काहीच राहिलं नाही.

गव्हाची लोंबी
आमच्याकडे उंदीर! एअर फिल्टरच्या डब्यात घरटं, वायर कुरतडून उघडी. वास प्लास्टिकचा होता. गाडी बंद, सगळे खाली, मग बॅटरीची वायर काढली. धूर दिसला तर बॉनेट सताड उघडू नका, हवा मिळून भडका उडतो.

मधली सुट्टी
आणि सायलेन्सरला चिकटलेली पिशवी. दोन दिवस शोधत होतो.

सातारी कंदी
तो ट्रकवाला पुन्हा भेटला का?

पारिजात
नाही. पैसे घेतले नाहीत, फणस दिला तो मात्र घेतला. आम्ही नावही विचारलं नाही. काल रात्री बाबांना फोनवर मिक्सरचं सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "वास आल्या आल्या बंद केलास ना?"