माजी सैनिकांचा सत्कार : नेमकं काय करावं, काय टाळावं (अनुभव धागा)

१९७१ साली विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. १६ डिसेंबरला, विजय दिवसाला, गावोगावी शाल-श्रीफळ होतं, पण बारीकसारीक गोष्टीच चुकतात. भाषणं नकोत. ज्यांच्या हाताखालून हे काम गेलंय त्यांनी कामाचं तेवढं लिहा.

मांडववाला : कार्यक्रम पाऊण तासात आटपा. खुर्ची हातांची हवी. राष्ट्रगीताला ही माणसं उठणारच, आणि उठताना टेकू लागतो. त्यांना स्टेजच्या पायऱ्या चढवू नका, प्रमुख पाहुण्यांनाच खाली उतरवा. शाल, नारळ, ट्रॉफी एकदम हातात दिली की काठी सुटते. नारळ शेजारच्या पोराकडे द्या. सुतळी बॉम्ब अजिबात नको. पुकारायची यादी डिस्चार्ज बुकावरून (निवृत्त होताना सैन्याकडून मिळालेलं पुस्तक) करा, ऐकीव हुद्दे नकोत. वीरनारींचं स्वतःचं नाव आधी, 'अमक्यांच्या पत्नी' नंतर.

रिबनपट्टी : पदकं ब्रासोने घासू नका. गोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव असतं, तेच आधी झिजतं. कोरडं मऊ फडकं पुरे. विटलेली रिबन बदलायला हरकत नाही, रुंदी ३२ मिमी. लावायचा क्रम जुन्या फोटोत बघा. पदकं हरवली असतील तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला (जवानांची कागदपत्रं सांभाळणारं कार्यालय) अर्ज : मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला. सर्व्हिस नंबर नसेल तर अर्ज अडतो.

पेन्शनवाली ताई : शाल नाही दिलीत तरी चालेल, हयातीचा दाखला वेळेत करून द्या. ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. म्हातारपणी बोटांचे ठसे उमटत नाहीत, मशीनशी झटापट करू नका. मोबाइलवर चेहऱ्याने होतं. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन्ही ॲप्स लागतात. उजेड तोंडावर हवा, पाठीमागे खिडकी नको, डोळ्यांची उघडझाप करायला सांगा. सगळ्यात जास्त चूक होते ती पेन्शन देणारी यंत्रणा निवडताना : 'स्पर्श'मध्ये (संरक्षण खात्याची ऑनलाइन पेन्शन व्यवस्था) गेलेल्यांनी जुनी बँक निवडली की दाखला भलतीकडे जातो. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबरही स्पर्शचाच टाका, जुना नको.

आणखी एक. ८० पूर्ण झाले की मूळ पेन्शनवर २०% वाढ, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, शंभरीला १००. हीच वाढ कुटुंब पेन्शनलाही आहे. पण जुन्या पीपीओत पत्नीची जन्मतारीखच नसते, मग ती विधवा झाल्यावर वाढ लागत नाही. आधारवर 'बाई' जोडलेलं आणि सैन्याच्या कागदात नुसतं नाव, हा घोळही नेहमीचा. धनी हयात असतानाच दुरुस्त करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज भरायला मदत करतात.

कान देऊन : आठवणी रेकॉर्ड करताना कुठल्या कानाने ऐकू येतं ते आधी विचारा, तोफखान्यातल्यांना हमखास. 'किती मारले?' हा प्रश्न नको. 'कंपनी कुठली? पत्र किती दिवसांनी यायचं? जेवण कोण आणायचं?' इथून सुरुवात करा. गेलेल्या सोबत्यांची नावं आपसूक येतात. तेव्हा गप्प बसा, रेकॉर्डर चालू ठेवा.

शिळाप्रेमी : साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली, तिथल्या स्मारकाची सगळ्यांना माहिती आहे. पण आपल्याकडच्या कित्येक गावांत चावडीच्या, देवळाच्या भिंतीत १९१४-१९ ची संगमरवरी पाटी असते : या गावातून किती गेले, त्यांतले किती मेले. नावं नसतात, फक्त आकडे. दर १५ ऑगस्टला तिच्यावर ऑइलपेंटचा हात फिरतो आणि अक्षरं बुजतात. वाचण्यासाठी अंधार पडल्यावर टॉर्च भिंतीला चिकटवून बाजूने मारा आणि फोटो काढा. ॲसिड, तारेचा ब्रश नको. साधं पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश.

मांडववाला : पेंट काढायला थिनर चालेल का?

शिळाप्रेमी : नको. रंग पातळ होऊन दगडात मुरतो, मग कायमचा डाग. पाण्याने भिजवून बांबूच्या काडीने एकेक अक्षर मोकळं करायचं. दोन-चार रविवार जातात.