केशरी कार्ड, घरात टॅक्सी. रेशनचं धान्य मिळेल का?

गोवंडीची ताई: वस्तीतल्या एका घरासाठी विचारतेय. माणसं पाच: नवरा, बायको, 11 आणि 6 वर्षांची दोन मुलं, आणि 67 वर्षांच्या विधवा सासूबाई. नवरा स्वतःची काळीपिवळी चालवतो, बायको घरी हूक-काजाचं काम करते. कार्ड केशरी, पण दुकानदार म्हणतो त्यावर धान्य मंजूर नाही. कोणीतरी घाबरवलंय की टॅक्सी म्हणजे चारचाकी, अर्ज केलात तर कार्ड पांढरं होईल. सुनेचं नाव अजून माहेरच्या, साताऱ्याच्या कार्डावर आहे. सासूबाईंचं वेगळं अंत्योदय कार्ड, म्हणजे अगदी गरिबांसाठीचं, निघेल का?

शिधावाला: ताई, कार्डाचा रंग आणि धान्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गोंधळ तिथेच होतो. वर्षाचं उत्पन्न 15,000 पर्यंत असेल तर पिवळं, त्यापुढे 1 लाखापर्यंत केशरी, त्याच्या वर पांढरं. धान्य मिळतं ते अन्न सुरक्षा कायद्याखाली, आणि त्याची मर्यादा निराळी: शहरात 59,000, गावाकडे 44,000. म्हणजे 59,000 ते 1 लाखाच्या मधलं घर केशरीच राहतं, पण प्राधान्य कुटुंबात, म्हणजे या कायद्याखाली धान्य मिळणाऱ्यांत, बसत नाही. दुकानदार खोटं बोलत असेलच असं नाही.

टॅक्सीची भीती काढून टाका. केशरीला चारचाकी चालत नाही हे खरं, पण त्याच नियमात टॅक्सीचालकांना वगळलंय. पांढरं कार्ड टॅक्सीमुळे होणार नाही, झालं तर उत्पन्नामुळे होईल.

खरी अडचण उत्पन्नाचीच आहे. 59,000 हे सगळ्या घराचं मिळून धरतात, नवऱ्याचं आणि बायकोचं एकत्र. महिन्याला भागून बघा, 4,916 रुपये होतात. मुंबईत टॅक्सीवर चालणारं घर यात कसं बसायचं? मर्यादा जुनी झाली आहे हे उघड आहे, पण निर्णय तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावरच होतो. आधी तो दाखला काढा. आकडा 59,000 च्या आत आला तरच पुढची धावपळ. अर्जासोबत स्वतः लिहून द्यायच्या हमीपत्रावर आकडा ओढूनताणून बसवू नका, पडताळणीत निघालं की कार्डच अडचणीत येतं.

चाळ नंबर तीन: सुनेच्या नावाचं काम मात्र उत्पन्नासाठी थांबवू नका. एक आधार दोन कार्डांवर चालत नाही, प्रणाली अर्ज तिथेच परत पाठवते. साताऱ्याकडच्या तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत नाव कमी करायचा अर्ज द्या आणि नाव कमी केल्याचा दाखला हातात घ्या. तो जोडून इथल्या शिधावाटप कार्यालयात नाव वाढवण्याचा अर्ज, नमुना 8. नुसता लग्नाचा दाखला जोडून फेऱ्या मारणारे फार दिसतात. धान्य माणशी 5 किलो असल्यामुळे उद्या घर पात्र ठरलं आणि सून कार्डावर नसली, तर 25 किलोऐवजी 20 किलोच मिळेल.

धाकट्याचं आधार पाच वर्षांच्या आत काढलेलं असेल तर त्यात बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर ठसे अद्ययावत केल्याशिवाय दुकानातल्या अंगठा लावायच्या ई-पॉस मशीनवर त्याची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, होत नाही. आधी आधार केंद्र, मग दुकान.

जुना निरीक्षक: सासूबाईंचं सांगतो. अंत्योदयाच्या निकषात विधवा आणि साठीच्या पुढचे आहेत, पण ज्यांना सांभाळणारं कुणी नाही असे. मुलाकडे राहतात, एका चुलीवर जेवतात, तर वेगळं कार्ड बसत नाही. गृहभेटीला आलेला माणूस पहिल्यांदा चूलच बघतो.

शिवाय अंत्योदय म्हणजे नेहमीच जास्त, असं नाही. तिथे कार्डामागे 35 किलो, माणसं कितीही असोत. प्राधान्यात माणशी 5 किलो. सात माणसांना दोन्हीकडे सारखंच, आठवं माणूस आलं की प्राधान्यवाल्यांना जास्त. धान्य 1 जानेवारी 2023 पासून दोन्हीकडे फुकट आहे, पैसे मागितले तर देऊ नका.

गोवंडीची ताई: समजा दाखला 54,000 चा आला. मग लगेच धान्य सुरू होईल?

शिधावाला: लगेचचं सांगता येत नाही. राज्याला लाभार्थ्यांचा इष्टांक, म्हणजे जास्तीत जास्त किती जणांना धान्य द्यायचं तो आकडा, ठरवून दिलाय, सुमारे 7 कोटींचा, त्यात कार्यालयाच्या वाट्याला आलेली जागा भरलेली असेल तर पात्र असूनही थांबावं लागतं. मृत, स्थलांतरित, दुबार नावं कमी झाली की जागा होते. म्हणून अर्ज तोंडी नको. उत्पन्नाचा दाखला, सगळ्यांची आधार, हमीपत्र आणि कार्डाची प्रत जोडून लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या. "इष्टांक नाही" म्हणाले तर तेच लेखी मागा. नुसतं टोलवत राहिले तर 1967 वर तक्रार नोंदवा, तिथेही पोच असली की बोलता येतं.

चाळ नंबर तीन: आणि कार्डाला बारा अंकी आरसी नंबर, म्हणजे रेशन कार्डाचा ऑनलाइन नंबर, आहे का ते आजच बघून घ्या. तो नसेल तर कार्ड ऑनलाइन चढलेलंच नाही, मग दाखला कितीचाही असो, दुकानातल्या मशीनवर त्यांचं नाव येणार नाही.