मदत हवी आहे: आवाज ब्लूटूथवर, माईक मात्र कॉलरला लावायचा

मंडळी, अँड्रॉइड १४ चा फोन आहे, ३.५ मिमी जॅक नाही. टाईप-सी ला कॉलर माईक लावून मुलांचा ऑनलाइन क्लास घेते आणि मुलांचा आवाज ब्लूटूथ इअरबड्समध्ये ऐकायचाय. पण मीटिंग सुरू झाली की ऑडिओच्या बटणात ब्लूटूथ निवडलं तर माईकपण इअरबड्सचाच लागतो, आवाज डब्यातून आल्यासारखा होतो आणि श, ष, स मुलांना वेगळे ऐकूच येत नाहीत, मराठी व्याकरण शिकवताना हे फार नडतं.

माईक चांगला आहे, रेकॉर्डरमध्ये स्वच्छ येतो. ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन इअरबड्सचं 'फोन कॉल्स' बंद करून फक्त 'मीडिया ऑडिओ' चालू ठेवलं, तर गाणी इअरबड्समध्ये वाजतात पण मीटिंगचा आवाज फोनच्या स्पीकरवर येतो, मग इको. डेव्हलपर ऑप्शन्समधलं यूएसबी ऑडिओ राउटिंग (यूएसबीला लावलेल्या माईक-इअरफोनकडे आवाज आपोआप वळवणं) बंद केलेलं नाही, तेही बघितलं. परमिशन्स दिल्यात, रीस्टार्ट करून झालं.

लॅपटॉप नाही, फोन रूट करायचा (म्हणजे त्याच्या मूळ सिस्टीममध्ये बदल करायचा) नाही. वायरचे इअरफोन लावायचे तर पोर्ट माईकनेच अडलंय. स्प्लिटर (एका पोर्टचे दोन करणारा जोड) घ्यायला तयार आहे, पण त्यावर माईक आणि इअरफोन दोन्ही एकावेळी चालतात का हे कोणी स्वतः वापरून पाहिलंय का? आणि मीटिंग चालू असताना माईक यूएसबीचा, आवाज ब्लूटूथचा असं वेगवेगळं निवडता येईल अशी सेटिंग किंवा ॲप आहे का?