कण म्हणजे वाळूचा दाणा नव्हे

‘कणपद्धतीत वाळूचा दाणा न् दाणा मोजला जातो, म्हणून दादरच्या समुद्रकाठच्या भिंतीखालची धूप अचूक कळेल’ असा दावा केला जातो, तो पटला नाही. कणपद्धत म्हणजे पाणी आणि वाळू सुट्या कणांचा समूह मानून संगणकावर केलेलं गणित. फुटती लाट ही पद्धत सुंदर पकडते, मान्यच. पण ०.२ मिलिमीटरचे दाणे एका घनमीटरात १०० अब्जांहून जास्त मावतात. २ सेंटिमीटर अंतराने मांडलेले गणितातले कण फक्त १,२५,०००. म्हणजे एकेक कण हा वाळूचा अख्खा गोळाच, आणि वाळू कधी हलणार हे शील्ड्सच्या निकषासारख्या (वाहत्या पाण्याचा तळावरचा जोर किती झाला की दाणे हलू लागतात ते सांगणाऱ्या) सूत्राने ठरवावं लागतं.

शिवाय पडताळणी कशाशी करणार? उधाणात भिंतीचा पाया उघडा पडलेला मी पाहिलाय, आणि ओहोटीला तिथेच वाळू परत भरलेली. लाटा ओसरताना खड्डा बराचसा बुजतो, त्यामुळे नंतर टेप लावून मोजलेली खोली ही कमाल खोली नसतेच.