हौद्यावरून ‘ओरिजिनल’ ठरवू नका

जुनी पिकअप घेताना ‘केबिन आणि मागचा हौदा यांचा रंग जुळत नसेल तर गाडी ठोकलेली समजा’ असं सांगतात, ते सरसकट पटलं नाही. अमेरिकेत विकलेल्या सत्तरच्या दशकातल्या जपानी पिकअपचा हौदा बहुधा जपानहून बसवून आलेलाच नसायचा. युरोपाशी कोंबड्यांवरून झालेल्या भांडणात 1964 साली अमेरिकेने आयात ट्रकवर 25 टक्के कर लावला (हो, कोंबड्यांवरून!). पण नुसती केबिन-चेसिस, म्हणजे हौद्याविना गाडी आणली तर 4 टक्केच. मग काय, हौदा अमेरिकेत पोचल्यावर चढवायचे. टोयोटाचे हौदे तर 1972पासून कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला बनत. ही पळवाट 1980मध्ये बंद झाली.

माझ्या 78च्या टोयोटा हायलक्स पिकअपचा हौदा केबिनपेक्षा किंचित पिवळट आहे. मीही आधी नाक मुरडलं होतं, पण हौदा उतरवला तेव्हा चेसिस सरळसोट निघाली, वेल्डिंगचा डाग नाही. गंज मात्र भरपूर होता, केबिन आणि हौद्यामधल्या फटीत. तिथे पानं अडकतात आणि ओल धरून बसतात. बघायला जाल तेव्हा टॉर्च घेऊन आधी तिथे डोकवा, रंगाचं नंतर.